शिकारीचे मांस आणि शिसे



राणीताल, चेरीताल, आधारताल ही जबलपूरची तीन नावे लोकपरंपरा राणी दुर्गावती, तिची चेरी म्हणजे दासी आणि मंत्री आधारसिंह यांच्याशी जोडते. 1564 मध्ये रणांगणावर देह ठेवणारी ही राणी बंदूक व बाण चालविण्यात निपुण होती आणि तिला शिकारीची आवड होती, असे अबुल फजलने नमूद केले आहे. रानात चरलेल्या प्राण्याचे मांस म्हणजे निर्भेळ अन्न, ही समजूतही तशीच जुनी आहे. तिची परीक्षा करणे अगत्याचे आहे.

शिशाची गोळी हाडावर आदळताच फुटते आणि तिचे सूक्ष्म कण जखमेपासून दूरवर मांसात विखुरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत व दातांना जाणवत नाहीत. अमेरिकेतील नॉर्थ डाकोटा राज्यात गरजूंना वाटण्यासाठी दान आलेल्या हरणाच्या मांसाची 2008 मध्ये क्ष-किरणांनी तपासणी झाली, तेव्हा त्यात शिशाचे कण आढळले. शिजविल्याने जंतू मरतात, धातू मात्र नाहीसा होत नाही. उलट आंबट रश्श्यात शिसे अधिक विरघळते. त्याची सर्वांत मोठी हानी लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 2010 मध्ये शिशाची पूर्वीची साप्ताहिक मर्यादा मागे घेतली, कारण निर्धोक अशी मात्रा ठरविता येईना.

दुसरा मार्ग माती व पाण्याचा आहे. चाऱ्यातून येणारे कॅडमियम वयाबरोबर यकृतात व विशेषतः मूत्रपिंडांत साचते. म्हणून वयस्क प्राण्याचे हे अवयव अधिक जोखमीचे. तलावाच्या गाळात पडलेले छर्रे बदके खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. याच कारणास्तव अमेरिकेने 1991 पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी घातली.

भारतात 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम व त्यातील 1991 ची दुरुस्ती यांमुळे शिकार जवळजवळ पूर्णतः निषिद्ध झाली. तथापि चोरट्या शिकारीचे मांस कोणत्याही पशुवैद्याच्या नजरेखालून जात नाही. ते ताटात वाढणारा गृहस्थ कायदा तर मोडतोच. शिवाय ज्या मुलांना तो कौतुकाने पहिला घास भरवतो, त्यांनाच सर्वांत अधिक धोका पत्करावयास लावतो.