आधी तह, मग ताल



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. मला गाता येत नाही, रॅपही जमत नाही. तरी आज हिप-हॉपवर बोलणार आहे. आपल्या मोहल्ल्यातली मुलं ते रोज ऐकतात आणि मोठी माणसं त्याला नुसता धांगडधिंगा म्हणतात, म्हणून.

न्यूयॉर्कमधलं ब्रॉन्क्स. वस्त्या फोडून महामार्ग काढलेला, इमारतींना आगी लागतायत, कृष्णवर्णीय आणि पोर्तोरिकन तरुण टोळ्यांमध्ये वाटले गेलेत. डिसेंबर १९७१ मध्ये ‘घेटो ब्रदर्स’ टोळीतला ब्लॅक बेंजी भांडण सोडवायला गेला आणि मारला गेला. आता रक्त सांडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याच्या साथीदारांनी सूड नाकारला. काही दिवसांतच टोळ्या एकत्र बसल्या, तह झाला. हाणामाऱ्या कायमच्या थांबल्या नाहीत, पण दुसऱ्याच्या गल्लीत पाय ठेवणं सोपं झालं.

त्यानंतर ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल या मुलीनं आपल्या इमारतीत पार्टी ठेवली. शाळा उघडणार होती, नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड वाजवायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. हिप-हॉपचा जन्म या पार्टीत झाला असं मानतात. म्हणजे मुळाशी काय आहे? नाकारलेला सूड आणि एका मुलीची शाळा.

शिकागोतल्या ‘इमान’ या मुस्लिम संस्थेनं हा धागा पुढे नेला. ती हिप-हॉपचे कार्यक्रम करते, दवाखाना चालवते, तुरुंगातून सुटलेल्यांना कामही शिकवते. गाण्यानं मन मोकळं होतं; पण पोट आणि आजार यांचं कामही शेजारीच चालावं लागतं, हे त्यांना कळलं आहे.

आपल्याला हे परकं नाही. बार्शीचे मेहबूब पटेल शाहीर अमर शेख झाले, कामगारांसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी गायले. कुर्ल्याच्या नेझीनं २०१४ मध्ये आयपॅडवर ‘आफत’ बनवलं. साधनं थोडी होती, सांगायचं भरपूर होतं.

आडनाव ऐकल्यावर भाड्यानं खोली नाकारली जाते, तेव्हा आपला तरुण काय करतो? गप्प बसतो, नाहीतर मोबाईलवर शिव्या लिहितो. त्यानं तेच सोळा ओळींत लिहिलं तर? त्याला शब्द शोधावे लागतील, नेमकं काय दुखलं ते ठरवावं लागेल. हे शिक्षणच आहे. आणि दहा जणांनी ते ऐकून घेतलं, तर दुखणं त्याच्या एकट्याचं राहत नाही.

म्हणून माझी सूचना साधी आहे. दर रविवारी संध्याकाळी मोहल्ल्याच्या वाचनालयात गोल करून बसा. मराठी, उर्दू, दखनी, जी घरात बोलता ती भाषा चालेल. संगीत नको वाटणाऱ्यानं नुसतं बोलावं. नियम तीनच: आई-बहिणीवरून शिवी नाही, कुठल्याही जाती-धर्माची टवाळी नाही, आणि प्रत्येकाची पाळी येणार. मुलींची पाळी शेवटी ढकलायची नाही. हे सगळं एका मुलीनंच सुरू केलं होतं, एवढं लक्षात ठेवा.