परदेशी उड्डाण आणि विमानाची कागदपत्रे

विमानालाही राष्ट्रीयत्व असते. १९४४ च्या शिकागो कराराच्या कलम १७ नुसार ते नोंदणीच्या देशाचे ठरते. वैमानिक कोणत्या देशाचा, यावर ते अवलंबून नसते. भारतीय विमानावर ‘व्हीटी’ आणि अमेरिकी विमानावर ‘एन’ ही अक्षरे असतात, ती याच कारणाने.

परदेशी जाणाऱ्या विमानात नोंदणी व उड्डाणयोग्यतेची प्रमाणपत्रे, कर्मचाऱ्यांचे परवाने आणि प्रवास-नोंदवही असावी, असे कलम २९ सांगते. विमान खासगी, चार आसनी असले तरी यातून सुटका नाही. रेडिओ असल्यास त्याचा स्वतंत्र परवाना लागतो आणि तोही नोंदणीच्या देशाचाच. वापर मात्र खाली ज्याची भूमी असेल, त्या देशाच्या नियमांप्रमाणे.

घोटाळा होतो तो येथेच. १९९६ च्या दूरसंचार कायद्यानंतर अमेरिकेने देशांतर्गत खासगी उड्डाणांपुरती ही परवान्याची अट काढली. त्यामुळे फ्लोरिडात वर्षानुवर्षे उडणाऱ्याला त्या कागदाचा विसर पडतो. बहामाला निघताना मात्र विमानाचा रेडिओ परवाना आणि वैमानिकाचे रेडिओ अनुज्ञापत्र, दोन्ही लागतात.

वैमानिकाच्या परवान्याचे प्रकरण अधिक नाजूक आहे. केवळ ब्रिटिश परवाना असणाऱ्याला ‘एन’ विमान ब्रिटनमध्ये उडविण्यास अमेरिकी नियमांची मुभा आहे. त्याच परवान्यावर त्याने इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्स गाठले, तर ते उड्डाण अवैध ठरते. डोव्हरपाशी ही खाडी जेमतेम ३३ किलोमीटर रुंद आहे. पलीकडे अपघात झाला, तर विम्याचा दावाही नाकारला जाऊ शकतो.