अंड्यातील पहिल्या खुणा



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र पिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या एका क्षुद्र माशीविषयी बोलणार आहे. शास्त्रज्ञ तिला ड्रोसोफिला म्हणतात. आपण फळमाशी म्हणू.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या धाकट्या मावशीमुळे. तिचा पहिला मुलगा दुभंगलेल्या ओठाचा जन्मला. सातव्या महिन्यात असताना ग्रहण लागले होते आणि त्या वेळी तिने विळीवर भाजी चिरली होती. घरातल्या वडीलधाऱ्यांनी कार्यकारणभाव तेथेच जुळवून टाकला. मावशीनेही तो मानला आणि ते ओझे जन्मभर वाहिले. निवृत्तीनंतर हाती वेळ आला, तेव्हा गर्भ घडतो तरी कसा, हे समजून घ्यावेसे वाटले.

आपल्या पूर्वजांना या प्रश्नाचे कुतूहल नव्हते असे नाही. गर्भोपनिषदात कलल, बुद्बुद, पिंड अशा गर्भाच्या अवस्था क्रमाने सांगितल्या आहेत. क्रम त्यांनी कल्पिला होता. परंतु तो क्रम चालवतो कोण, हे कळण्यास विसावे शतक उजाडावे लागले, आणि ते कळले या माशीकडून.

१९७०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील हायडलबर्ग येथे क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी एक चिकाटीचे काम हाती घेतले. रसायन देऊन त्यांनी माश्यांच्या जनुकांत बदल घडवले आणि त्यांच्या वंशातील बिघडलेल्या अळ्या दोघांना एकाच वेळी पाहता येईल अशा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. निरोगी अळीचे अंग ठरावीक खंडांचे असते. कोणत्या अळीत कोणता खंड हरवला, यावरून कोणते जनुक काय करते हे त्यांनी ताडले. ऑक्टोबर १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी अशी १५ जनुके मांडली. १९९५ साली एडवर्ड लुइस यांच्यासह दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भाषेच्या माणसाला मोह पडतो तो या जनुकांच्या नावांचा. 'क्रुपेल' म्हणजे जर्मन भाषेत पांगळा. 'क्निर्प्स' म्हणजे ठेंगू. 'हेजहॉग' हा काटेरी अंगाचा एक छोटा प्राणी. ते जनुक बिघडले की अळीचे अंग काट्यांनी भरून जाते. जपानी 'फुशी ताराझू'चा अर्थ, खंड पुरेसे नाहीत. म्हणजे जनुकाचे नाव त्याच्या कार्यावरून नव्हे, तर ते नसल्याने जे बिघडते त्यावरून पडले. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. ज्याच्यात जे उणे, तेच त्याचे नाव!

अर्ध्या मिलिमीटरच्या त्या अंड्यात घडते काय? अंडे तयार होत असतानाच माशी त्याच्या एका टोकाला 'बायकॉइड' जनुकाचा संदेश ठेवून देते. त्यापासून बनणारे प्रथिन त्या टोकाशी दाट आणि पुढे विरळ होत जाते. जेथे दाट, तेथे डोके, त्याखाली छाती. हा चढउतार १९८८ साली प्रत्यक्ष दाखवला गेला. आईची ही खूण वाचून गर्भाची स्वतःची जनुके जागी होतात. पहिली फळी अंगाचे मोठे विभाग पाडते. दुसरी सात पट्टे आखते. तेव्हा अंडे घातल्याला जेमतेम तीन तास झालेले असतात. तिसरी प्रत्येक खंडाची पुढची-मागची बाजू ठरवते. या खंडाला पंख, त्या खंडाला पाय, हे सांगणारी जनुके लुइस यांनी अभ्यासली होती. त्यांपैकी अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकावर डॉ. एल. एस. शशिधर यांनी आधी हैदराबादच्या सीसीएमबीत व पुढे पुण्याच्या आयसरमध्ये संशोधन केले. हे ज्ञान आपल्यापासून फार दूर नाही.

येथे कोणी विचारील, 'पहिली खूण आईची, म्हणजे दोषही आईचाच ना?' नाही. बायकॉइड बिघडलेली माशी स्वतः धडधाकट असते, आणि तो बिघाड तिला तिच्या आईबापांकडूनच आलेला असतो. पुढच्या तिन्ही फळ्यांतील जनुके तर गर्भाला आई आणि बाप या दोघांकडून मिळतात. शिवाय बायकॉइडची ही रीत माश्यांची आहे, माणसाची नव्हे.

हेजहॉगचे भावंड मात्र आपल्यातही आहे. ते बिघडले तर गर्भाच्या मेंदूचे दोन भाग नीट विलग होत नाहीत, हे १९९६ साली सिद्ध झाले. अशा बालकांत कधी ओठही दुभंगलेला असतो. परंतु बहुतेक दुभंगलेल्या ओठांमागे एकच जनुक नसते. अनेक जनुके आणि परिस्थिती यांचा तो मेळ असतो.

माशीने मला मुख्यतः शिकवले ते एवढेच, की गर्भात प्रत्येक गोष्टीची वेळ ठरलेली असते. तीन तासांनी आखायचा पट्टा पुढे कधीही आखता येत नाही. माणसाचा वरचा ओठ सातव्या आठवड्याच्या सुमारास जुळून पूर्ण होतो. दुसऱ्या महिन्यात जे घडून गेले, ते सातव्या महिन्यातील ग्रहण काय चिरणार? मावशीच्या विळीने त्या दिवशी फक्त भाजीच चिरली होती. हे मला कळले, तेव्हा ती हयात नव्हती.

वेळेचे हे ज्ञान केवळ सांत्वनाचे नाही. मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते. ज्यांच्या आधीच्या अपत्यात ती उघडी राहिली होती, अशा स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे पाऊण हिश्शाने घटते, असे ब्रिटनमधून संचालित झालेल्या चाचणीत १९९१ साली दिसले. मूल हवे असणाऱ्या प्रत्येक स्त्रीने आधीपासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे, असे आज सांगितले जाते. दिवस गेल्याचे कळेपर्यंत थांबले, तर बरेचदा उशीर झालेला असतो.

आपल्या या परिसरात गोंडी, मराठी आणि तेलुगू शेजारी नांदतात. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत तिन्ही भाषा एका वेळी कानी पडतात. या शाळेतून बाहेर पडलेल्यांत शिक्षक असतील, परिचारिका असतील, आईबाप आणि सासूसासरे तर असतीलच. व्यंग घेऊन बाळ जन्मले, तर त्याच्या आईला 'तू काय केलेस?' असे विचारू नका. बाळाला डॉक्टरांकडे न्या. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने जुळतो. आणि आईला, तिच्या भाषेत, एवढेच सांगा: 'बाई, यात तुझा काही अपराध नाही.' माझ्या मावशीला हे कोणी सांगितले नाही. गुरुजींच्या विद्यार्थ्यांनी ते सांगावे, ही माझी विनंती आहे.