रिपोर्ट नॉर्मल, पण अंग दुखतंच

गटाच्या मीटिंगला आपण जमलो की एखादी तरी म्हणते, "अंगात त्राणच नाही. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, काहीच निघालं नाही." मग घरचे म्हणतात, नाटक करते. नाहीतर सलाईन लावून आणतात. सलाईन म्हणजे मीठपाणी. दोन दिवस बरं वाटतं, पैसे मात्र जातात.

रिपोर्टमध्ये काही आलं नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. काळजीनं झोप उडते, मान-खांदे आखडून राहतात, छाती धडधडते. झोप नसली की थोडं दुखणंही जास्त जाणवतं. हे सगळं शरीरातच घडतं, फक्त मशीनला दिसत नाही.

गोव्यात 18 ते 50 वयाच्या सुमारे अडीच हजार बायांचा एक अभ्यास झाला, तो 2005 साली छापून आला. शंभरात बाराजणींना सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ थकवा होता. आपण लगेच म्हणू, रक्त कमी असेल. पण हिमोग्लोबिनशी त्या थकव्याचा संबंध सापडलाच नाही. सापडला तो घरावरच्या कर्जाशी, नवऱ्याच्या जबरदस्तीशी, घरात आधार नसण्याशी, मनाच्या उदासीशी. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार होती, त्यातल्याही बऱ्याच जणींना जंतुसंसर्ग नव्हता. (म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका हं! रक्त कमी असेल तर त्या घ्यायच्याच.)

तेव्हा एखादी कंबर दुखते म्हणाली, तर "कुठं दुखतं" याबरोबर "कधीपासून" हेही विचारा. पुष्कळदा उत्तर येतं, "ह्यांची दारू वाढली तेव्हापासून," "बँकेची नोटीस आली तेव्हापासून." मध्येच सल्ला देऊ नका, तिला पुरतं बोलू द्या. आणि ते सासूच्या कानावर जाणार नाही, एवढं गटानं सांभाळायचं.

वजन घटत असेल, ताप हटत नसेल, पाळी गेल्यावर रक्त जात असेल, तर आधी डॉक्टर. मनाचा त्रास बोलायला टेली-मानसचा 14416 हा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. घरात मारहाण होत असेल तर 181. स्वतःचा फोन नसेल तर मैत्रिणीचा घ्या. घरातला वापरलात, तर बोलून झाल्यावर नंबर तेवढा पुसून टाका.