शब्दांची चोरी आणि वाचकाचा विश्वास

(शहागड येथील वाचक मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



गोदावरीच्या या काठावर बोलताना नदीच्या वरच्या अंगाचे पैठण डोळ्यांसमोर येते. तेथील संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. सुमारे तीनशे वर्षांच्या काळात मूळ ग्रंथात अपपाठ शिरले होते. नाथ स्वतः समर्थ कवी. मनात आणते तर आपल्या ओव्या त्यात सहज मिसळू शकले असते. त्यांनी ते केले नाही. उलट, यापुढे कोणीही या ग्रंथात पदरची ओवी घालू नये, असे बजावून ठेवले. दुसऱ्याच्या शब्दाशी कसे वागावे, याचा हा वस्तुपाठ होय.

आता अलीकडचे उदाहरण पाहू. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा एकच मजकूर परस्परांच्या स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः छापून आला. पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मध्ये हे उघड केले. त्यांच्या विचारांशी आपले मतभेद असतील. पण सत्य कोणी सांगितले यावरून त्याचे मोल कमी होत नाही. पैसे दिल्याचा आरोप संबंधितांनी नाकारला. तरी एकच लेख वेगवेगळ्या लेखण्यांतून उतरतो कसा, हा प्रश्न उरलाच. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये ‘पेड न्यूज’वर सविस्तर अहवाल दिला. नावांसह असलेला तो अहवाल परिषदेने बाजूला ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये तो लोकांसमोर आला. परिषद समज देऊ शकते, ठपका ठेवू शकते. शिक्षा करू शकत नाही.

वाङ्मयचौर्यात लेखकाचे श्रम चोरले जातात. विकलेल्या बातमीत वाचकाचा विश्वास चोरला जातो. दोन्हींचे मूळ एकच: हा शब्द खरोखर कोणाचा, हे वाचकापासून लपविणे.

चूक कोणाकडूनही होते. कोल्हापूरच्या महाराजांच्या कळवळ्याने ‘केसरी’ व ‘मराठा’ यांनी दिवाण बर्वे यांच्याविरुद्ध पत्रे छापली. ती बनावट ठरली. हेतू निर्मळ होता, पण पुरावा खोटा होता. टिळक-आगरकरांनी पळवाट शोधली नाही. त्यांनी माफी मागितली आणि १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. बाहेर आले तेव्हा त्यांच्याविषयीचा लोकादर वाढलेलाच होता. चूक कबूल केल्याने पत्राची पत जात नाही. ती लपविल्याने जाते.

मित्रहो, हा आरसा इतरांपुढे धरताना आपणही त्यात डोकावले पाहिजे. आपल्या स्मरणिकेत कोणाचा लेख नावाशिवाय येतो का? महापुरुषांच्या तोंडी त्यांनी कधीच न उच्चारलेली वाक्ये घालून आपण ती भ्रमणध्वनीवरून पुढे धाडतो का? कार्य राष्ट्राचे आहे म्हणून साधन खोटे चालेल, असे मानणारा कार्यकर्ता त्या कार्याचेच मूल्य घटवीत असतो.

म्हणून आजपासून एवढा नेम करू. लेखकाचे नाव दिल्याशिवाय मजकूर छापायचा नाही, मूळ पाहिल्याशिवाय वचन उद्धृत करायचे नाही आणि चूक झाली तर ती जेथे छापली तेथेच दुरुस्त करायची. नाथांनी चारशे वर्षांपूर्वी राखलेली ही शिस्त आपल्याच गोदाकाठची आहे. ती आपल्या घरातून आणि शाखेतून सुरू झाली, तरच इतरांना जाब विचारण्याचा अधिकार आपल्याला राहील.