विमा, दवाखाना आणि ज्वारीचे माप



कै. गुरुजींच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत एका निवृत्त मराठीच्या प्राध्यापकाने आरोग्यविम्यावर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संतवाङ्मयावर बोलण्याची सूचना मला झाली होती आणि ती माझ्या सोयीचीही होती. परंतु या जिल्ह्यात आता चार माणसे पारावर बसली की आजारपण, दवाखाना आणि 'कार्ड चालते की नाही' हाच विषय निघतो. जो विषय लोकांच्या तोंडी आहे तो भाषेच्या अभ्यासकाला परका मानता येत नाही.

आरंभ शब्दापासूनच करतो. 'विमा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याच्या मुळाशी 'बीम' म्हणजे भय आहे. पूर्वी पेढीवाले वाटेवरच्या मालाचा विमा उतरवीत. वाट चोराचिलटांची असे, आणि मालधन्याच्या मनातील भय पेढी काही रकमेच्या मोबदल्यात आपल्या अंगावर घेई. वाट मात्र होती तशीच राही. विम्याविषयीच्या आजच्या साऱ्या वादाचे बीज मला या एका गोष्टीत दिसते. विमा भयाचा भार उचलतो, वाट दुरुस्त करणे हे त्याचे काम नव्हे.

हा वाद आपल्या देशात नवा नाही. दुसरे महायुद्ध चालू असताना दोन समित्या जवळजवळ एकाच वेळी कामाला लागल्या. १९४३ च्या मार्चमध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी अहवाल सादर केला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. याच अहवालाच्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. दुसरी समिती सर जोसेफ भोर यांची. तिचा अहवाल १९४६ साली आला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारावाचून राहू नये, हे तिचे मूलसूत्र. त्यासाठी तिने विम्याचा मार्ग न धरता सरकारी सेवेचा धरला. पहिल्या टप्प्यात दर ४०,००० लोकवस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे तिने सुचविले.

आडारकरांचा हिशेब वर्गणीचा होता. कामगाराने थोडे द्यावे, मालकाने अधिक द्यावे आणि दोघांच्या पैशातून आजारी माणसाची सोय व्हावी. त्यात एक मोठा गुण होता. कामगार तेथे याचक नसे, तो वर्गणीदार असे. मात्र ज्याला मालक आहे, ज्याचे नाव हजेरीपटावर आहे, त्याच्यापुरतेच हे शक्य होते. शेतमजुराचा मालक कोण? आज एकाच्या शेतात निंदणी, उद्या दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणी. त्याच्यासाठी हप्ता कोणी भरावयाचा, याचे उत्तर तेव्हा नव्हते, आणि ऐंशी वर्षांनंतरही ते पूर्णपणे सापडलेले नाही.

आपला जिल्हा त्या काळी या दोन्ही अहवालांच्या बाहेर होता, कारण तो निजामाच्या राज्यात होता. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ साली भाषावार रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादपासून तुटून मराठी मुलखात गेले. आपण अलीकडे राहिलो. पैनगंगा तीच, सोयरीकही तीच, पण सरकारे दोन झाली. २०१६ साली जुन्या आदिलाबादचेही चार जिल्हे झाले.

या जुन्या जिल्ह्यात विमा असलेला आणि नसलेला माणूस शेजारी शेजारी नांदत आला आहे. पूर्वेला बेल्लमपल्ली, मंचेरियालच्या पट्ट्यात सिंगरेणीच्या खाणी. तेथील कायम कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला कंपनीचे रुग्णालय आहे. (कंत्राटी कामगारांची कथा निराळी, ती आज सांगत बसत नाही.) त्याच पट्ट्याच्या कडेला कापूस पिकविणाऱ्या कुणब्याला, उटनूर-इंद्रवेल्लीकडच्या गोंड-कोलामांना यांतले काहीच नव्हते. त्यांचा विमा म्हणजे घरातील बैलजोडी आणि बायकोच्या अंगावरचा डाग. आजार आला की ती विकावयाची.

म्हणून २००७ साली आंध्र प्रदेशात डॉ. राजशेखर रेड्डी यांच्या कारकिर्दीत 'आरोग्यश्री' आली, तेव्हा तिचे मोल काय होते हे आपण विसरता कामा नये. आरंभी तीन जिल्ह्यांत आणि पुढे राज्यभर पांढऱ्या रेशनकार्डाच्या कुटुंबांना मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च सरकार देऊ लागले. हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ही ज्या घरात कल्पनाही नव्हती, त्या घरातील मुले हैदराबादला जाऊन बरी होऊन परतली. ज्यांना ही योजना म्हणजे खासगी रुग्णालयांना सरकारी पैसा पोहोचविण्याची वाट वाटते, त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण त्या मुलांच्या आईसमोर उभे राहून ते तसेच बोलून दाखविणे मला जमणार नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये याच धर्तीची जीवनदायी योजना काढली, ती आता महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०१८ मध्ये आली आणि २०२१ मध्ये तेलंगण तीत सामील झाले. डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणने आरोग्यश्रीची मर्यादा पाच लाखांवरून दहा लाख रुपयांवर नेली.

दहा लाख ही रक्कम ऐकावयास मोठी आहे. पण आपला माणूस कशाने खचतो ते पाहा. माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. पावसाळ्यात त्याच्या आईला ताप भरला, चार दिवस उतरेना. गावाजवळच्या केंद्रात त्या दिवशी डॉक्टर नव्हते. खासगी दवाखान्यात रक्त तपासले, सलाईन लावले, गोळ्या दिल्या. दाखल करून घेण्याइतका आजार नसल्याने कार्डाचा प्रश्नच आला नाही. मग पुन्हा ताप, पुन्हा तपासणी, दुसरा डॉक्टर, जाण्यायेण्याचे रिक्षाभाडे, दोघांची बुडालेली मजुरी. आई बरी झाली. त्याने मात्र उभा कापूस वेचणीआधीच व्यापाऱ्याच्या नावे केला. या कुटुंबाजवळ कार्ड होते. सरकारी हिशेबात ते विमाधारकच.

असे घर अपवाद नाही. आजारपणात आपल्या लोकांच्या खिशातून जे जाते, त्याचा मोठा भाग शस्त्रक्रियेवर जात नाही. तो औषधे, तपासण्या आणि दाखल न होता घेतलेले उपचार यांवर जातो. या योजनांची रचना प्रामुख्याने दाखल होणाऱ्या रुग्णासाठी, ठरावीक आजारांच्या ठरावीक दरांची आहे. दर पावसाळ्यात आदिवासी पट्ट्यात तापाची साथ येते, ओढ्याला पूर येतो आणि बाळंतिणीला खाटेवर घालून पलीकडे न्यावे लागते. त्या ओढ्यावर दहा लाखांचे कार्ड पूल होत नाही. २०२५ साली बिले थकली म्हणून योजनेशी संलग्न खासगी रुग्णालयांनी काही काळ सेवाच थांबविली होती, तेव्हा ओढा नसलेल्या गावांनाही ही गोष्ट कळली.

याउलट २००८ साली आदिलाबादेत वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय झाले. त्याविषयी आपल्या तक्रारी पुष्कळ असतील, माझ्याही आहेत. तरी ते सुमारे तीनशे किलोमीटरवरच्या हैदराबादला न जाता गाठता येते, आणि तेथे मराठी समजणारे कोणीतरी भेटते. ही साधी गोष्ट नव्हे. परगावच्या मोठ्या रुग्णालयात संमतिपत्र तेलुगूत किंवा इंग्रजीत असते, आपला माणूस त्यावर अंगठा देतो आणि कशाला संमती दिली ते घरी आल्यावर विचारतो. मदतीला तेथे 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. शब्द दोन्ही भाषांना सारखाच कळतो, पुढचे बोलणे मात्र कळत नाही.

सीमेवरचे चित्र आणखी वेगळे आहे. केरामेरी आणि जिवती यांच्या मधल्या परमडोली, मुकदमगुडा आदी चौदा गावांवर दोन्ही राज्ये हक्क सांगतात. तेथे अनेक घरांत दोन राज्यांची रेशनकार्डे आहेत, दोन शाळा आहेत, मतदानही दोन्हीकडे होते. नकाशावर पाहिले तर एवढी सुरक्षित माणसे देशात दुसरीकडे नसावीत. परंतु दोन कार्डे असलेल्या गावालाही डॉक्टर एकच लागतो, आणि तो जवळ लागतो. दुसरीकडे, आपल्या मुली सीमेपलीकडे किनवट, पांढरकवड्याला दिल्या जातात. त्यांचे नाव येथील कार्डातून निघते आणि तेथील कार्डात चढायला वेळ लागतो. बहुधा त्याच काळात पहिले बाळंतपण येते. एकाला दोन छत्रे आणि एकीला एकही नाही, हा प्रकार आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांत आहे.

मग करावे काय? मला सेवाग्रामची गोष्ट आठवते. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या सुमारास आसपासच्या खेड्यांसाठी एक योजना चालविली. डॉ. उल्हास जाजू हे त्या कामाचे प्रमुख नाव. वर्गणी पैशात नव्हती, ज्वारीत होती. सुगीला, म्हणजे घरात काही असते तेव्हा, ज्वारी गोळा होई. जमीन जास्त त्याचे माप जास्त, भूमिहीनाचे अगदी थोडे. उपचार मात्र मापाप्रमाणे नसून आजाराप्रमाणे. गावातील बहुसंख्य घरे सामील झाली तरच गाव योजनेत घेतले जाई. त्या निधीतून गावच्या आरोग्यसेवकाकडे औषधे असत, डॉक्टर गावात येत आणि अकस्मात दाखल व्हावे लागले तर रुग्णालयाचे दार उघडे असे.

काहींना यात बलुतेदारी दिसेल. सुगीला धान्य आणि वर्षभर सेवा, हा आकार तोच आहे. पण बलुत्यात जातीची उतरंड होती आणि घेणाऱ्याने मान खाली घालावयाची होती. येथे भूमिहीनाचे पायलीभर धान्यही वर्गणी ठरते, आणि वर्गणी देणारा ग्रामसभेत उभा राहून डॉक्टर का आला नाही असे विचारू शकतो. आडारकरांच्या कामगाराला जो मान होता, तो येथे शेतमजुराला मिळाला, आणि भोर समितीला हवा होता तो दवाखानाही गावाजवळ आला. ज्वारीवर सरकारची जबाबदारी टाकावी, असे मी म्हणत नाही. कर आपण सारेच भरतो. काडेपेटी घेणारी बाईही भरते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्र ही तिने आगाऊ दिलेल्या वर्गणीची पावती आहे. कार्डाची मर्यादा दहा लाखांवरून आणखी वाढवा, असे आता कोणी मागू लागले तर माझे मत त्याला पडणार नाही. केंद्रात डॉक्टर, औषध आणि तपासणी बारमाही असावी ही मागणी आधी, आणि मोठ्या आजारासाठी कार्ड तिच्या मागोमाग, असा क्रम मी लावीन.

शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, तलाठी आणि वकीलही आहेत. महिन्यातून एका रविवारी दोन तास त्यांनी या इमारतीत बसावे. लग्न होऊन पलीकडे गेलेल्या मुलींची नावे कार्डात चढली की नाही हे पाहावे, संमतिपत्रे मराठीत समजावून सांगावीत, आणि आपल्या मंडलातील प्रत्येक आरोग्य केंद्रात डॉक्टर किती दिवस होते याची एक साधी वही ठेवावी. मुख्याध्यापकांनी वर्ग देण्याचे मान्य केले आहे. वही मी आणली आहे, ती कार्यालयात ठेवून जातो.