वाळू सर्वांची, वाहनतळ कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



समुद्रकिनाऱ्याच्या मालकीचा प्रश्न आपण आजवर बहुधा कोळीवाड्यांच्या बाजूने मांडत आलो. आज त्याच प्रश्नाची अमेरिकेतील एक बाजू सांगतो. सार्वजनिक उद्यानाच्या किनाऱ्यावर गळ टाकण्याचे नियम आणि तेथे मोटार उभी करण्याचे परवाने, असा हा वरकरणी क्षुल्लक विषय आहे. परंतु हक्क कायद्याच्या पुस्तकात शाबूत ठेवून व्यवहारात कसा नाहीसा करता येतो, हे येथे स्पष्ट दिसते.

न्यू जर्सी राज्यात १८२१ साली कालवांवरून एक खटला झाला. एका जमीनमालकाने आपल्या जमिनीसमोरच्या नदीपात्रात कालवे लावली होती, ती दुसऱ्याने काढून नेली. न्यायालयाने निर्णय दिला तो मालकाच्या विरुद्ध. भरतीचे पाणी जेथवर खेळते तेथला तळ राज्याने लोकांच्या वतीने सांभाळावयाचा असतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. ध्यानात घ्या, त्याचे मूळ मासेमारीत आहे. पर्यटन फार नंतर आले.

शेजारच्या कनेक्टिकट राज्यातही ओली वाळू जनतेचीच. मात्र ओल्या वाळूवर जायचे तर कोरडी वाळू ओलांडावी लागते, आणि तेथवर पोचायचे तर मोटार कोठेतरी उभी करावी लागते. श्रीमंत गावांनी नेमकी हीच जागा धरली. वाहनतळ फक्त रहिवाशांना! कृष्णवर्णीयांना बंदी, असे कोणी कोठे लिहिले नाही. पत्ता विचारला की काम भागत असे. नेड कॉल यांनी १९७० च्या दशकात हार्टफर्डच्या गरीब वस्तीतील मुले बसमध्ये घालून या किनाऱ्यांवर नेली. एकदा तर समुद्राच्या बाजूने बोटीतून उतरवली, कारण तेवढ्या वाळूवरून हाकलण्याचा अधिकार कोणालाच नव्हता.

ग्रीनिच गावाच्या उद्यानात धावण्यासाठी गेलेल्या शेजारच्या शहरातील एका विद्यार्थ्याला फाटकावर अडवण्यात आले. त्याने १९९५ मध्ये दावा लावला, आणि २००१ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी रद्द केली. तीही अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारावर. फाटक उघडले. त्यानंतर गावाने बाहेरच्यांसाठी वेगळे शुल्क लावले. बंदी गेली, दरपत्रक आले! न्यू जर्सीच्या न्यायालयाने मात्र १९७२ सालीच एका गावाला रहिवाशांना एक दर आणि परक्यांना चढा दर लावण्यास मनाई केली होती.

म्हणून सगळेच नियम जाचक मानावयाचे काय? नाही. येथे आपल्यातील काही उत्साही मंडळींशी माझा मतभेद आहे. पट्टेदार बास हा त्या किनाऱ्याचा आवडता मासा. अतिरेकी मासेमारीमुळे तो १९८० च्या सुमारास इतका घटला की १९८४ मध्ये केंद्रीय कायदा करावा लागला, आणि मेरीलँड राज्याने १९८५ ते १९९० त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. पुढे मासा सावरला, पुन्हा घटू लागला. म्हणून २०२३ मध्ये हौशी मासेमारांसाठी समुद्रकिनारी दिवसाला एकच मासा, तोही २८ ते ३१ इंचांमधला, असे बंधन आले. हा नियम माशाची लांबी मोजतो, माणसाचा पत्ता विचारत नाही. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या बंदरात राहतात त्यामागेही तोच विचार आहे.

न्यू जर्सीतच आयलंड बीच नावाचे राज्य उद्यान आहे. कार्नेगीचे भागीदार हेन्री फिप्स यांनी ही सुमारे दहा मैलांची वाळूपट्टी १९२६ मध्ये धनिकांच्या विहारस्थानासाठी घेतली. १९२९ च्या मंदीने तो बेत बुडाला. राज्याने १९५३ मध्ये ती विकत घेतली आणि १९५९ मध्ये लोकांना खुली केली. तेथे वाळूवर मोटार नेण्यास परवाना लागतो, गाडी चारही चाकांना गती देणारी हवी, आणि गळ-दोरी बरोबर हवी. वाळूच्या टेकड्या जपण्यासाठी हे रास्तच. उन्हाळ्यात वाहनतळ भरला की फाटक बंद होते, सर्वांनाच. तरीही मोटार नसलेल्या कामगाराचे काय, हा प्रश्न उरतोच. किनाऱ्याची रेल्वे उत्तरेला बे हेड येथेच संपते. जमीन समाजाची झाली, पण वाट मोटारवाल्याचीच राहिली.

हा सिद्धांत आपल्याला परका नाही. बियास नदीकाठच्या एका मोटेलच्या प्रकरणात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अमेरिकन निकालांचा आधार घेऊन सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग ठरविले. तेव्हा किनाऱ्यावरच्या तालुक्यांतील साथींना माझी सूचना आहे. समुद्राकडे जाणाऱ्या पाणंदींची गावोगाव नोंद करा: कोठे कुंपण पडले, कोठे फाटक बसले, एस. टी. कोठवर येते, पाग घेऊन जाणारा म्हातारा कोणत्या वाटेने जातो आणि ती वाट आता कोणाच्या आवारात गेली. तलाठ्याकडील नकाशा बरोबर ठेवा. पावसाळा संपताच या नोंदी एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन न्यावयाचे आहे.